शकुंतलेच्या मार्गावरचं आमचं बंद स्टेशन : आठवणी असतील तर लिहा

तरोट्याची_फुलं

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

माझे आजोबा शकुंतला रेल्वेवर (मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी, आता बंद पडलेली आमच्या वऱ्हाडातली छोटी गाडी) चावीवाले होते. हा शब्द ज्यांना नवा असेल त्यांच्यासाठी सांगते. गाडीच्या हादऱ्यांनी रूळ आणि स्लीपरची पकड ढिली होते. आपल्या हद्दीतल्या रुळांवरून रोज पायी फिरून ती तपासायची, ठोकून घट्ट करायची, हे चावीवाल्याचं काम. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, कमरेला लाल-हिरवी झेंडी आणि धोतराच्या सोग्यात बांधलेली भाकर. आजोबा किती किलोमीटर चालले असतील याचा हिशेब मी एकदा करायला घेतला होता, अर्ध्यातच सोडून दिला.

दारव्हा आणि यवतमाळच्या मधल्या एका लहान स्टेशनाजवळ त्यांचं बिऱ्हाड होतं. स्टेशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या दोन वर्षांत तिथल्या खिडक्यांचे गज गेले, दाराची चौकट गेली, छपरावरचे पत्रेही निम्मे गेले. लोखंड अजून शिल्लक आहे आणि ते कुठे आहे हे मला चारचौघांत सांगायचं नाही.

दिवाळीत गावी गेले होते तेव्हा तिथे तासभर बसले. रुळांच्या मधोमध माझ्या दुप्पट उंचीच्या बाभळी उभ्या आहेत. फलाट असा नव्हताच कधी, नुसता मुरूम टाकून केलेला उंचवटा. त्यावर आता तरोटा माजलाय. तिकिटाच्या खिडकीखालचा दगड मात्र गुळगुळीत आहे. इतक्या वर्षांत तिथे टेकलेल्या कोपरांनी झाला असणार. खोलीत शेळ्या बसलेल्या होत्या. भिंतीवर भाड्याचा तक्ता रंगवलेला होता, त्यातलं 'मूर्तिजापूर' तेवढं वाचता येतं.

या रेल्वेचा इतिहास म्हणून जे सापडतं ते सगळं कापसाचं. तेही थोडक्यात सांगते, नाहीतर बाहेरच्यांना पुढचं कळायचं नाही. वऱ्हाडातल्या काळ्या मातीतला कापूस इंग्रजांना हवा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) तिकडचा कापूस थांबला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि सगळ्यांचं लक्ष इकडे वळलं. मुंबईची रेल्वे १८६७ ला नागपूरपर्यंत आली. खामगावचा लहानसा फाटा १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला, एवढी त्या कापसाची किंमत. पण यवतमाळचा मुलूख मुख्य मार्गापासून लांबच राहिला. (तेव्हा जिल्ह्याचं नाव यवतमाळ नव्हतं, 'वणी' होतं. १९०५ ला बदललं.) मग १९१० मध्ये किलिक निक्सन या मुंबईच्या व्यापारी पेढीनं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि मुख्य मार्गावरच्या मूर्तिजापूरहून दोन बाजूंना नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे टाकली. एक कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरी दर्यापूर-अंजनगावावरून अचलपूरला, साधारण ७६ किलोमीटर. त्याच कंपनीचा पुलगाव-आर्वी हा ३५ किलोमीटरचा तुकडा वेगळा.

इतकं सगळं मिळतं. पण त्या स्टेशनावर गाडीची वाट बघत कोण बसलं, कुणाला सोडायला कोण आलं, हे कुठेच नाही. कापसाच्या गाठींची नोंद झाली, माणसांची झाली नाही. आजोबा गेले. आजी गेली. आत्या आहे, तिला विचारतेय. तुमच्या घरात कुणी असेल तर विचारा आणि इथे लिहा. स्टेशन कुठलंही चालेल. लहान गोष्ट असली तरी लिहा.

वावरातला_माणूस

ताई, चांगला धागा काढला तुम्ही. आमचं गाव कारंज्याच्या अलीकडं, पोह्याजवळ. मी आमच्याच बोलीत लिहितो, चालते ना?

शकुंतला म्हंजे आमची घड्याळ होती बावा. वावरात बाया निंदाले बसल्या का शिट्टीवरून टाइम सांगत. गाडी कारंज्याकडे गेली का भाकरी सोडाच्या. बुढा तं म्हणे, गाडीले उशीर झाला म्हंजे आज आपल्याले उशिरा भूक लागन.

मी सातवीत असतानाची गोष्ट. मायले ताप भरला, कारंज्याले दवाखान्यात न्याची होती. पावसाळा, बंडी चिखलात फसली, एसटी फाट्यावरच येत नोती. बापानं मायले पाठीवर घेतलं अन् इस्टेशनावर आला. गाडी निघून गेलती, अर्धा फर्लांग पुढं. गार्डानं पाह्यलं, झेंडी दाखवली, अन् गाडी थांबली. मांगं नाई आली, पण उभी राह्यली. बाप धावत गेला, मांगच्या डब्यातून दोघांनी मायले वरतं ओढून घेतलं. तिकीट कोणी नाई इचारलं. माय अजून हाये. नव्वदीच्या घरात हाये अन् कालच मले रागावली.

तरोट्याची_फुलं

दादा, डोळ्यांत पाणी आलं. यासाठीच हा धागा काढला होता. आईंना माझा नमस्कार सांगा.

गेज_७६२

उत्तम विषय. माझ्याकडून थोडी भर आणि एक दुरुस्ती. ताईंनी ती चूक केलेली नाही, पण पुढे कुणीतरी करणारच.

'भारतातली ही एकमेव रेल्वे अजून ब्रिटिशांच्या मालकीची आहे आणि आपण दरवर्षी इंग्लंडला भाडं भरतो' असा निरोप मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातला खरा भाग एवढाच की मार्ग खाजगी कंपनीचा राहिला. गाड्या आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) चालवायची. १९५१ ला मध्य रेल्वे झाल्यावर ती चालवू लागली आणि करारानुसार कंपनीला मोबदला द्यायचा, असं ठरलं. पण किलिक निक्सन ही मुंबईतली पेढी, आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हाती आली. तेव्हा पैसा इंग्लंडच्या राणीला जातो वगैरे काही नाही. मला ही दुरुस्ती महत्त्वाची वाटते, कारण त्या एका सनसनाटी ओळीत खरा प्रश्न दबून जातो. मार्ग एकाचा आणि गाडी दुसऱ्याची असेल, तर रुळांवर पैसा कोण घालणार? दोघांनीही घातला नाही. स्लीपर कुजत गेले, वेग कमी करत आणला, ताशी २० किलोमीटरच्या आसपास. सायकलवाला पोरगा सोबत जाऊ शकायचा.

दुसरं, नॅरोगेजच का, हा प्रश्न नेहमी येतो. दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. रूळ हलके, पूल लहान, वळणं आवळ, जमीन कमी लागते. भांडवल घालणाऱ्याला परवडतं. पण त्याची किंमत मूर्तिजापूरला चुकवावी लागायची. यवतमाळहून आलेली प्रत्येक गाठ छोट्या वाघिणीतून (मालाच्या डब्यातून) उतरवून मोठ्या वाघिणीत चढवायची. आज कापसाची एक गाठ साधारण १७० किलोची धरतात. हमालांच्या खांद्यावरून असा एक सबंध हंगाम जायचा. रस्ते सुधारले आणि ट्रक थेट जिनिंगच्या (कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) दारात उभा राहू लागला तेव्हा दोनदा चढ-उतार कोण करील? माल आधी गेला. माणसं बरीच वर्षं नंतर गेली.

इंजिनाविषयी: मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ पासून इथे धावलं आणि १५ एप्रिल १९९४ ला उतरवलं. त्यानंतर डिझेल आलं.

पांढरं_सोनं

सगळ्यांच्या भावनांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. मी यवतमाळचा. आमच्या पिढीला शकुंतलेचं कौतुक ऐकून त्रास होतो. जिल्ह्याच्या ठिकाणाहून पुण्या-मुंबईला जायचं तर आम्ही धामणगाव नाहीतर बडनेरा गाठायचो, सामान घेऊन, एसटीनं. घरात नॅरोगेज असूनही. शंभर वर्षांपूर्वी कापूस न्यायला जे टाकलं तेच आम्हाला 'रेल्वे' म्हणून दाखवलं गेलं. २०१६ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी हा मार्ग ब्रॉडगेज (रुंद रुळांचा) करण्यासाठी १५०० कोटींची घोषणा केली, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. रुळांवरच्या बाभळी किती वाढल्यात हे ताईंनीच लिहिलंय.

आता वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचं काम चाललंय. वर्धा ते कळंब गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. मला त्या गाडीत बसायचंय. जुनी स्टेशनं जपा, जरूर जपा, पण जपण्याच्या नावाखाली मार्ग तसाच ठेवू नका.

तरोट्याची_फुलं

तुमचं पटतं. आजोबांनाही मोठी गाडी हवी होती. निवृत्त झाल्यावर म्हणायचे, "माझ्या रुळांवरून मोठी गाडी गेली तर मी हातोडा घेऊन पुन्हा येईन." मला मार्ग जसाच्या तसा ठेवायचा नाही. ब्रॉडगेज झाली तर जुनी स्टेशनं पाडलीच जातील, हे मला कळतं. म्हणून तर आत्ताच लिहून घ्यायचंय.

लाइट_रेल्वे

मी बार्शीचा. आमच्याकडे जे झालं ते इथे सांगणं उपयोगी पडेल.

आमची बार्शी लाइट रेल्वे तुमच्याच मापाची, अडीच फुटी, आणि तुमच्या आधीची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं ती उभी केली. कुर्डुवाडी (तेव्हाचं बार्शी रोड) ते बार्शी गाडी १८९७ ला धावली. पंढरपूर १९०६, लातूर १९११, मिरज १९२७. कमी वजनाच्या रुळांवर जास्त माल कसा वाहता येतो हे कॅलथ्रॉपनं इथे दाखवून दिलं. आषाढीला तर माणसं मावत नसत, मालाच्या वाघिणींतून वारकरी जायचे, टपावर बसायचे. सरकारनं १९५४ ला कंपनी विकत घेतली, त्यामुळे तुमच्यासारखा मालकीचा गुंता आमच्याकडे राहिला नाही, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला.

त्याचं मोल लोकांना एप्रिल २०१६ मध्ये कळलं. लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी याच वाटेनं गेली, मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. नॅरोगेज असती तर हे कसं झालं असतं, सांगा.

पण ब्रॉडगेज करताना मार्ग काही ठिकाणी बदलला. धाराशिव शहर जुन्या मार्गावर नव्हतं, ते जोडलं. लातूरचं स्टेशन शहरातून बाहेर गेलं. जुन्या आखणीवरची लहान स्टेशनं मागे राहिली, आणि कुणीही त्यांचे साधे फोटोसुद्धा नीट काढले नाहीत. आज मी माझ्या मुलीला जागा दाखवायला नेलं तर शेत दाखवावं लागतं. तरोट्याची_फुलं, तुमच्याकडे अजून भिंती आहेत. टेप घेऊन जा, खोल्या मोजा, चारही बाजूंनी फोटो काढा, पाटीवरचं एकेक अक्षर टिपा. आठवणी गोळा करताय ते चांगलंच आहे, पण मापंसुद्धा घ्या. पाडल्यानंतर मापं कुणाच्या आठवणीत नसतात.

पानवेल

अंजनगावची सासुरवाशीण. (तेच अंजनगाव, १८०३ मध्ये शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला ते, सुर्जी-अंजनगाव. शाळेत तारीख पाठ केली होती तेव्हा कुठे वाटलं होतं तिथेच नांदायला जाईन.)

आमच्याकडे पानमळे. सासरे विड्याची पानं करंड्यांत भरून शकुंतलेनं मूर्तिजापूरला पाठवायचे. पानाला ऊन लागलं की संपलं, म्हणून केळीची पानं खाली-वर घालून, पाणी शिंपडून, ओल्या गोणपाटानं शिवायची. शिवायचं काम बायकांचं. स्टेशनवर करंडी ठेवायला सावलीतला एक कोपरा ठरलेला होता, तिथे दुसऱ्या कुणी सामान ठेवलं तर गार्ड स्वतः उचलून बाजूला करायचा. गाडी हळू चालायची म्हणून सगळे नावं ठेवतात. पण तिच्यात पान हिंदकळत नव्हतं, हे आमच्या सासऱ्यांचं म्हणणं.

मी लग्न होऊन आले ती याच गाडीनं, बनोश्याहून. दर्यापूरचं स्टेशन म्हणजे बनोसा. नव्या नवरीला खिडकीजवळ बसवलं होतं. लेहगाव गेलं, कापूसतळणी गेलं, प्रत्येक ठिकाणी गाडी थांबली की बायका खिडकीशी येऊन 'कोणाची वो' विचारायच्या. उतरेपर्यंत निम्म्या तालुक्याला माझं माहेर ठाऊक झालं होतं.

गार्डाची_शिट्टी

माझे वडील या मार्गावर गार्ड होते. धागा त्यांना वाचून दाखवतोय. वावरातल्या माणसाची गोष्ट ऐकून ते बराच वेळ गप्प होते. तो गार्ड ते नव्हते, पण "कोणीही असता तरी थांबला असता" म्हणाले.

त्यांनी सांगितलेलं लिहितो. शेवटच्या वर्षांत मधल्या स्टेशनांवर कर्मचारी नव्हतेच. गाडी आली की गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा, मग झेंडी दाखवून चढायचा. रस्ता आडवा आला की गाडी फाटकाच्या अलीकडे उभी राहायची. एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. मूर्तिजापूरला इंजिन सोडणं-जोडणंही त्याच माणसांनी. सगळी मिळून सात-आठ जण, घरच्यासारखी.

वाफेच्या काळात पाण्याचा हिशेब मोठा असायचा. उन्हाळ्यात टाकीला पाणी कमी असलं की ड्रायव्हर चढावर जपून जायचा. गावातल्या बाया इंजिनाकडून गरम पाणी मागून न्यायच्या, बाळंतिणीच्या अंघोळीला. वडील म्हणतात, ते पाणी कधी कुणाला नाकारलेलं त्यांना आठवत नाही.

जुन्या सिग्नलच्या ओतीव लोखंडावर लिव्हरपूलचं नाव कोरलेलं होतं. लहानपणी मी ते बोट फिरवून वाचायचो. इंग्रजी अक्षरं मी शाळेत नाही, तिथे शिकलो.

थंडीतला_वऱ्हाडी

मी मूळचा कारंज्याचा, सध्या मँचेस्टरमध्ये. आत्तापर्यंत नुसतं वाचत होतो.

इथे शहराच्या मध्यभागी लाल विटांची कापसाची प्रचंड गोदामं अजून उभी आहेत. आता त्यांत घरं, हॉटेलं, कचेऱ्या आहेत. बाहेर पितळी पाट्या आहेत, कुठली इमारत कोणत्या साली, कुणी बांधली. माझ्या रोजच्या वाटेवर अशा तीन लागतात. इतकी वर्षं त्यांच्याकडे पाहून काही वाटलं नव्हतं. या धाग्यानंतर परवा एका भिंतीला हात लावून उभा राहिलो. गाठी निघाल्या ते टोक तरोट्यात बुडालंय आणि पोचल्या ते टोक असं जपलंय.

आमच्याकडे शकुंतलेनं गुरुमंदिरात येणारे लोक खूप. कारंजा नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, त्यामुळे लांबलांबून. आई पहाटे चहाचं आधण जास्तीचं ठेवायची, स्टेशनवरून चालत येणारा कुणीतरी ओट्यावर टेकणारच म्हणून. गाडी बंद झाल्यावरही बरेच दिवस ती जास्तीचं ठेवत होती. एका मावशीनं हटकलं तेव्हा थांबली.

पांढरं_सोनं

परत आलो. वडिलांशी बोललो. मला माहीतच नव्हतं की माझे आजोबा यवतमाळच्या स्टेशनवर माथाडी होते, वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं. गाठ पाठीवर घेताना कपाळाला पट्टा लावायचे, त्या पट्ट्याचा वण मरेपर्यंत होता म्हणे. माझ्या आठवणीतल्या चेहऱ्यावर तो वण आहे, पण मी तो पडल्याचा समजत होतो.

माझं आधीचं मत बदललेलं नाही. ब्रॉडगेज हवीच. पण ताई, मापं घ्यायला जाल तेव्हा कळवा. मी सिव्हिलचा आहे, नकाशा काढून देतो.

तरोट्याची_फुलं

तुम्हा सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत बसत नाही, काय झालं ते सांगते.

मागच्या रविवारी आम्ही चौघं गेलो. मी, आत्या, पांढरं_सोनं आणि गार्डाची_शिट्टी. (त्यांचे वडील येणार होते, पण गुडघ्यांमुळे जमलं नाही. त्यांनी फोनवरून सगळं विचारून घेतलं.) सकाळी आठला पोचलो. आधी शेळ्यांच्या मालकाला कशासाठी आलोय ते सांगितलं. त्यानं शेळ्या बाहेर काढल्या, खराट्यानं खोली झाडून दिली आणि दुपारी ताक आणून दिलं.

इमारत २ खोल्यांची. तिकीटघर आणि सामानाची खोली. बाहेर पडवी. भिंती दीड फूट जाड. सगळी मापं झाली, नकाशा तयार होतोय, झाला की इथे देते. भाड्याच्या तक्त्यावर पाणी मारलं तेव्हा आणखी ४ नावं उमटली: लाडखेड, दारव्हा, कारंजा आणि अगदी खाली यवतमाळ. आकडे नाही उमटले.

आत्या सबंध वेळ बाहेरच होती. मला वाटलं थकली असेल. जाऊन पाहिलं तर ती रुळांवर वाकून काहीतरी शोधत होती. म्हणाली, बाबा जेवायला यायचे तेव्हा हातोडा कधी घरात आणायचे नाहीत, एका ठरलेल्या स्लीपरपाशी ठेवायचे. तिथे रुळाला टेकवून ठेवल्याची खूण असायची. तिला ती जागा स्टेशनाच्या कोपऱ्यापासून पावलांवर माहीत होती. लहानपणीची २२ पावलं. आता किती होतील ते ती मोजून बघत होती.

१५ झाली. तिथे बाभूळ आहे. पांढरं_सोनं यांनी बुंध्याभोवतीची माती हातानं काढली, खाली स्लीपर लागला, पार भुसा झालेला. रुळाच्या कडेवर मात्र एका जागी बोटभर रुंदीची खाच आहे, झिजून पडलेली. आत्यानं तिच्यात अंगठा ठेवला.

फोटो काढला नाही. माप घेतलंय, स्टेशनाच्या ईशान्य कोपऱ्यापासून ९ मीटर ४० सेंटिमीटर. नकाशात ते टाकतोय.

पुढच्या महिन्यात मोतीबागला (दारव्ह्याचं स्टेशन) जायचं ठरतंय. कुणाला यायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा. टेप दोन आहेत, शिडी नाही. कुणाकडे असेल तर आणा.